एकमोज्याच्या नावावरचे दोन गोल

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कुणाला बोट दाखवायचे कष्ट नकोत.

आमच्या चष्म्याच्या दुकानात एक पद्धत आहे. नवा चष्मा दिला की जुन्या फ्रेममधून काढलेल्या काचा फेकायच्या नाहीत. छोट्या खाकी पाकिटात घालून गिऱ्हाइकाला परत द्यायच्या. त्या काचांचं लोक पुढे काय करतात देव जाणे, पण आपलं ते आपल्याला मिळालं म्हणून खूश होतात. त्या दिवशी इस्पितळातून निवृत्त झालेल्या सिस्टर चष्मा न्यायला आल्या होत्या. त्यांना घाई होती. मी मागच्या खोलीत गेलो, खण उघडला, हाताला आलं ते पाकीट उचललं आणि चष्म्याबरोबर त्यांच्या पिशवीत टाकलं. वर काय लिहिलंय ते वाचलं नाही. लोकांना नीट दिसावं म्हणून दिवसभर उभा राहणारा मी, स्वतः बघायचं तेवढं विसरलो.

त्या पाकिटात काचा नव्हत्या. त्यात एक फुटबॉलपटू होता.

मागच्या खोलीत काचा घासायला काका बसतात. माझे कुणी नव्हेत. दुकानात सगळेच त्यांना काका म्हणतात. मैदानावर मात्र त्यांना दुर्बीण म्हणतात. आमच्या क्लबचा घरच्या मैदानावरचा एकही सामना त्यांनी सत्तावीस वर्षांत चुकवलेला नाही. प्रत्येक खेळाडूचं एक पाकीट, पाकिटात कार्ड, कार्डावर सामना, मिनिट, दिलेला पास, केलेली चूक, मारलेला गोल. मुंगीच्या पायाएवढं अक्षर. कपाटाच्या वरच्या चार खणांत काचा आणि खालच्या दोन खणांत खेळाडू. मी सहा महिन्यांचा नवखा. त्या दिवशी जरा जास्त वाकलो, एवढाच माझा गुन्हा.

काकांची ही पाकिटं म्हणजे क्लबचं न्यायालय होतं. मोसम सुरू व्हायच्या आधी क्लबच्या हॉलमध्ये सगळे समर्थक जमायचे, काका एकेकाचं कार्ड वाचायचे आणि कमिटी फळ्यावर संघाची यादी लिहायची. दुर्बिणीनं लिहिलं म्हणजे विषय संपला. त्यामुळे मोसम जवळ आला की आमच्याकडे चष्मे ढिले होण्याची साथ यायची. स्क्रू आवळून घ्यायच्या निमित्तानं लोक मागच्या खोलीत डोकावायचे.

“काका, तो नवा फॉरवर्ड घ्यायचा का? गेल्या मोसमात अठरा गोल आहेत त्याचे.”

“अठरा गोल त्याचे नाहीत, त्याला बॉल देणाऱ्याचे आहेत,” काका मान वर न करता म्हणायचे. “देणारा आणणार आहात का? नाही ना? मग नुसती काच घेऊन काय कराल, फ्रेम कुठाय?”

“आणि गोलकीपर?”

“उंच नको. बोलका हवा. मुका गोलकीपर म्हणजे बिनदाराचं घर.”

त्यांचं म्हणणं असं की संघ विकत घेता येत नाही, तो मुरावा लागतो. तीन मोसम शेजारी शेजारी खेळलेले दोन सुमार बचावपटू हे कालच ओळख झालेल्या दोन हुशारांपेक्षा केव्हाही बरे. एका मोसमाचं कार्ड बघून माणूस घेऊ नका. पडत्या मोसमात तो कसा धावला ते बघा. हे सगळं मला पटायचं. एक गोष्ट मात्र कळायची नाही. काका कुणाला घ्या हे सांगायचे, पण कुणाला काढा असं कधीच सांगायचे नाहीत. लोक खनपटीला बसायचे.

“अहो, पण अकराच्या जागी बारा कसे खेळवणार? एकाचं नाव सांगा की!”

“ते तुम्ही ठरवा,” म्हणून काका काच घासायचं यंत्र सुरू करायचे. त्या घरघरीत पुढचं काही ऐकू येत नसे.

अजून दोन गोष्टी होत्या. रस्त्यावरून रुग्णवाहिका आली की काका जिथे असतील तिथून उठून मागच्या खोलीत जायचे. गिऱ्हाइकाच्या कानावर चष्म्याची काडी बसवत असले तरी तशीच सोडून. मला वाटायचं, म्हातारपण आहे, धसका घेतलाय. आणि दुसरी मैदानावरची. बॉल उजवीकडे असो, मध्ये असो, काकांची मान मधूनच डावीकडे वळायची आणि ते पुटपुटायचे, “आत ये, आत ये.” तिकडे कुणीच नसायचं. आमचा डावा बचावपटू केव्हाच पुढे गेलेला असायचा. पण काकांची नजर त्या रिकाम्या गवतावरून अशी सरकायची, जणू कुणीतरी मागं मागं पळत येतोय. एकदा मी थट्टेनं म्हटलं, “काका, बारावा खेळाडू दिसतोय वाटतं?” काका हसले नाहीत. म्हणाले, “दिसतो.” त्यानंतर तो अख्खा सामना मला मानेवर गार वाटत राहिलं. ऊन तर मी म्हणत होतं.

पाकीट गेलं त्याच्या चौथ्या दिवशी काकांनी खालचा खण उघडला. संघाची यादी दोन आठवड्यांवर आली होती, म्हणून ते सगळी कार्डं लावत बसले होते. अर्ध्या तासानं त्यांनी मला हाक मारली. चेहरा काच घासताना उडतो त्या पांढऱ्या पिठासारखा.

“या खणाला हात लावलास?”

मी आठवलं. आठवल्यावर जे वाटलं ते सांगत नाही. “काका, सिस्टरना... त्यांच्या पिशवीत... मी वरचा खण समजून...”

मला वाटलं ओरडतील. ते स्टुलावर बसले. चष्मा काढून हातात धरला. मग शांतपणे सगळं सांगितलं. ओरडले असते तर फार बरं झालं असतं.

एकोणीस वर्षांपूर्वी आमच्या क्लबला वरच्या गटात जायची संधी आली होती. एकच सामना जिंकायचा होता. संघात डावीकडे बावीस वर्षांचा एक बचावपटू होता. त्याच्या एका मोज्याचं इलॅस्टिक गेलेलं. तो मोजा कायम घोट्यावर लोळायचा. म्हणून त्याला एकमोजा म्हणत. क्लब तो सामना दोन-एकनं हरला. दोन्ही गोल डावीकडून झाले. एकदा बॉल पायातून निसटला, एकदा माणूस मोकळा सोडला. काकांनी दोन्ही चुका एकमोज्याच्या कार्डावर लिहिल्या. पुढच्या मोसमाच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. शेजारच्या गावातल्या क्लबनंही विचारपूस केली, पण त्यांनीही आधी काकांचं कार्ड मागून घेतलं.

“मग? चुकला असेल,” मी म्हणालो.

“तो चुकलाच नव्हता,” काका म्हणाले. “मला दूरचं दिसत नव्हतं.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. चष्म्याच्या दुकानातला माणूस! पण खरं होतं. काच घासायची ती नाकासमोर. तिथे काकांना सुईचं भोकसुद्धा स्वच्छ दिसायचं. लांबचं धूसर दिसतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांना वाटायचं, जग सगळ्यांनाच असं दिसतं, लांब गेलं की विरघळणारं. पाठीवरचे आकडे त्यांना कधीच वाचता आले नव्हते. खेळाडू ते चालीवरून, खांद्यावरून ओळखायचे. आणि एकमोजा मोज्यावरून. त्या दिवशी रेफरीनं सामन्याआधीच एकमोज्याला दम भरला होता, मोजे वर कर नाहीतर बाहेर बस. त्यानं मोजा सुतळीनं बांधला. आणि त्याच्या पुढे मधल्या फळीत खेळणाऱ्या हाफच्या पायात गोळा आला, म्हणून त्यानं आपला एक मोजा खाली ओढला. काकांना लांबून घोट्यावर लोळणारा मोजा दिसला. त्यांनी लिहून टाकलं.

दोन वर्षांनी एका गिऱ्हाइकासाठी नंबराच्या काचा घालून चाचणीची फ्रेम काढली होती, ती काकांनी सहज स्वतःच्या नाकावर ठेवली. रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी अक्षरन् अक्षर समोर आली. पाटी वाचली आणि काकांना आठवला तो घोट्यावर लोळणारा मोजा. त्याच आठवड्यात त्यांनी वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरला गाठून त्या सामन्याचे फोटो पाहिले. दोन्ही गोलांच्या वेळी खाली मोजा असलेल्या माणसाच्या पाठीवर आकडा हाफचा होता. एकमोजा दहा पावलं मागे, दोन्ही मोजे वर, सुतळीची गाठ स्पष्ट दिसतेय. काकांनी फोटो विकत घेतला, चुकीचं कारण आणि तारीख टाकून नवं कार्ड लिहिलं, दोन्ही एकमोज्याच्या पाकिटात घातली. आणि खण लावून घेतला.

“सांगितलं का नाहीत?”

“तोवर त्याला नोकरी लागली होती. लग्न ठरलं होतं. म्हटलं, आता कशाला. मग आता कशाला, आता कशाला करत सतरा वर्षं गेली.”

“तो असतो कुठे हल्ली?”

काकांनी रस्त्याकडे बोट केलं. “रुग्णवाहिका चालवतो.”

मेलेल्याचं भूत मानगुटीवर बसतं असं ऐकून होतो. काकांच्या मानगुटीवरचा माणूस जिवंत होता, रोज ड्युटीवर जात होता आणि दिवसातून चारदा आमच्या दारावरून भोंगा वाजवत जात होता.

आम्ही सिस्टरच्या घरी गेलो. मी पायरीवरूनच माफीचा पाढा सुरू केला, पण त्यांनी मला मध्येच थांबवलं.

“अरे हो, ते पाकीट! मी उघडलं, तर फोटो. म्हटलं, दुकान भेट देतं की काय. नवा चष्मा लावून बघितलं तर हा आमच्या रुग्णवाहिकेवरचा! ते कान लपतायत होय? पंधरा वर्षं माझ्या वॉर्डाच्या दारात उभा असायचा.”

“मग... कुठाय तो फोटो?” काकांचा आवाज मला ओळखू आला नाही.

“पाकिटासकट त्यालाच दिला की. परवा औषधं आणायला गेले होते तेव्हा. म्हटलं, तुझी ठेव आहे बाबा. बराच वेळ बघत होता. का हो? काही चुकलं का माझं?”

“नाही,” काका म्हणाले. “तुमचं नाही.”

बाहेर आल्यावर मला वाटलं घरी जातील. ते वळले आणि इस्पितळाच्या रस्त्याला लागले. जो रस्ता टाळून ते रोज बाजारातून लांबचा फेरा घालत, त्याच रस्त्यानं. मी दोन पावलं मागे. दुपार होती, रस्ता मोकळा होता, तरी काका कडेकडेनं चालत होते.

शेडमध्ये एकमोजा गाडी धूत होता. चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, कान मात्र फोटोतलेच. पॅंटचे पाय वर दुमडलेले. त्यानं काकांना पाहिलं, बादली खाली ठेवली, हात पुसले.

“या. वाटच बघत होतो. दोन दिवस लावलेत.”

“मला आजच कळलं,” काका म्हणाले.

“तुम्हाला कधी कळलं ते लिहिलंय की त्या कार्डावर. तारीख आहे. सवय चांगली तुमची, तारीख टाकायची.”

काकांनी मान खाली घातली. मी बादलीकडे बघत उभा राहिलो.

“मी चुकलो नव्हतो हे मला माहीत होतं हो,” तो म्हणाला. “मी मैदानातच होतो ना! मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम लिहिलंत. हाफ कमिटीवाल्यांचा जावई होणार होता. म्हटलं, त्याला वाचवायला मला बुडवला. एकोणीस वर्षं तुम्हाला शिव्या दिल्या. बायकोला पाठ आहेत त्या. आणि आता कळतंय की तुम्हाला दिसतच नव्हतं!” तो हसला. मोठ्यानं हसला. मग एकदम थांबला. “मुद्दाम केलं असतंत तर बरं होतं, काका. निदान कुणीतरी माझा विचार करून मला काढलं असतं. हे म्हणजे... कुणी बघितलंच नाही मला.”

त्यानं गळणारा नळ बंद केला.

“यादीच्या दिवशी हॉलमध्ये सगळ्यांसमोर वाचतो,” काका म्हणाले. “दोन्ही गोल तुझ्या नावावरून काढतो. हाफच्या नावावर...”

“हाफ गेला. सहा वर्षं झाली.”

“माहीत आहे.”

“मीच आणला होता त्याला, या गाडीतून. इथवर पोचेपर्यंत होता.”

काकांनी चाचरत विचारलं, “काही बोलला का?... त्या सामन्याचं?”

“तेव्हा माणसं फुटबॉलचं बोलत नाहीत, काका. पाणी मागत होता.” एकमोज्यानं फडकं पिळलं. “त्याच्या नावावर लिहू नका. त्याच्या पोरी क्लबात येतात. माझ्यावरून काढा, बस.”

“पण मग गोल कुणाचे? दोन गोल झालेत. कुणाच्या तरी नावावर लागतीलच.”

“तुमच्याकडे एवढी पाकिटं आहेत. शोधा एखादं.” त्यानं गाडीतून ते खाकी पाकीट काढलं आणि काकांच्या हातात ठेवलं.

यादीच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. काकांनी नव्या खेळाडूंची कार्डं वाचली. नेहमीसारखी, घाई न करता. कमिटीनं खडू खाली ठेवला तेव्हा ते म्हणाले, “अजून एक आहे,” आणि एकोणीस वर्षांपूर्वीचा सामना वाचायला लागले. आधी कुजबुज झाली. मागून कुणीतरी म्हणालं, “काका, चुकीचं कार्ड लागलं वाटतं हातात!” लोक हसले. काका वाचत राहिले. मिनिट. डावी बाजू. मोजा. सुतळी. स्वतःचा तेव्हाचा नंबर, उणे अडीच, दोन्ही डोळे. हसू हळूहळू मावळलं. हाफचं नाव त्यांनी घेतलं नाही. “दुसरा एक” एवढंच म्हणाले. आणि शेवटी, “दोन्ही गोल नोंद करणाऱ्याच्या नावावर.”

कुणी टाळी वाजवली नाही. एक म्हातारे समर्थक म्हणाले, “आता काय उपयोग त्याचा?” दुसऱ्या कुणीतरी विचारलं, “मग बाकीची कार्डं तरी खरी होती का हो?” आम्हा सगळ्यांच्याच अंगावर तो प्रश्न हळूहळू आला. सत्तावीस वर्षांतली पहिली दहा, अकरा वर्षं. त्या वर्षांत किती जण यादीतून गेले होते, आणि कशामुळे? माझ्या शेजारचा माणूस भिंतीवरचे जुन्या संघांचे फोटो बघत होता. मीही बघायला लागलो. काही चेहऱ्यांची नावंसुद्धा कुणाला आठवत नव्हती.

एकमोजा दारात उभा होता, ड्युटीच्या कपड्यांत. आत आला नाही. काका बाहेर आले तेव्हा म्हणाला, “ठीक वाचलंत. एक राहिलं.”

“काय राहिलं?”

“त्याच्या आदल्या आठवड्यातला परगावचा सामना. माझ्या कार्डावर तुम्ही नुसती रेघ मारलीय.”

“मी नव्हतो तिथे. मेहुणीचं लग्न होतं.”

“माहीत आहे. सदतिसाव्या मिनिटाला मी डावीकडून बॉल काढला. दोघांना चुकवून, अर्धं मैदान ओलांडून लांब पास दिला. सेंटर फॉरवर्डनं नुसतं डोकं लावलं. आयुष्यात तसा पास पुन्हा जमला नाही. तो लिहा.”

काका म्हणाले, “न पाहिलेलं मी लिहीत नाही.”

“पाहिलेलं लिहिलंत तेव्हा काय झालं?”

मला हसू आलं आणि लगेच वाटलं की हसायला नको होतं. काकांनी खिशातून पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. “कुणीतरी पाहिलेला माणूस आण,” ते म्हणाले. “नाही, थांब. मीच शोधतो.”

गेल्या रविवारी आम्ही दोघं बसनं त्या गावी गेलो. समोरच्या संघाचा तेव्हाचा गोलकीपर आता लाकडाच्या वखारीत हिशेबनीस आहे. काकांनी तारीख सांगितली, मिनिट सांगितलं. त्याला गोल लगेच आठवला. कुठल्या कोपऱ्यात गेला तेही त्यानं हात लांबवून दाखवलं.

“आणि पास? पास कुणी दिला?”

तो बराच वेळ डोळे मिटून बसला. खरंच शोधत होता बिचारा.

“डावीकडून आला एवढं नक्की,” तो शेवटी म्हणाला. “पण देणारा कोण ते नाही सांगता येणार हो. मी बॉलकडे बघत होतो.”

परत येताना काका खिडकीपाशी बसले. कार्ड मांडीवर, रेघेपुढची जागा कोरी. फाटा आल्यावर म्हणाले, “सेंटर फॉरवर्डचा पत्ता त्याच्या भावाकडे मिळेल. पुढच्या रविवारी मोकळा आहेस का?”

मी हो म्हटलं. भाऊ अजून जुन्याच घरी राहतो की नाही, ते कळलेलं नाही.